उचकी कोणाच्या नावाची

बुधवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला अंजूच्या पोटात कोणीतरी दार वाजवायला लागलं. टक्. जरा थांबून पुन्हा टक्.

लाथ नव्हती. लाथा तिला आता ओळखू यायच्या. झोपेतल्या माणसानं पांघरूण झुगारावं तशी लाथ यायची, कधीही, कुठूनही. हे मात्र शिस्तीत चाललं होतं. दर तीन-चार सेकंदांनी, एकाच जागी, बेंबीच्या खाली जरा उजवीकडे. गाऊनवरचं छापील फूल दर वेळी इवलंसं उडायचं आणि पुन्हा जागेवर बसायचं. अंजू डाव्या कुशीवर पडल्या पडल्या त्या फुलाकडे बघत राहिली.

सोमवारीच तिला अठ्ठाविसावा आठवडा लागला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "आता शेवटची तिमाही. डाव्या कुशीवर झोपायचं. जेवल्यावर बाळाची हालचाल मोजायची. पाय सुजतील, छातीत जळजळेल, जिना चढताना दम लागेल. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा हालचाल कमी वाटली, तर मात्र लगेच यायचं." अंजूला अजून बरंच विचारायचं होतं. बाळाला आतून ऐकू येतं का, येत असेल तर कुकरची शिट्टी कशी वाटते, ते झोपताना डोळे मिटतं की नाहीतरी अंधारच आहे म्हणून उघडेच ठेवतं. पण बाहेर सव्वीस जणी बसल्या होत्या. किल्लारीच्या शाळेत बाईंनी तिला दिवसातून पाचच वेळा 'का' म्हणायची परवानगी दिली होती. तेव्हापासून उरलेले 'का' तिच्यापाशी साठत आले होते.

"अहो," ती म्हणाली, "जरा इकडं या. हात ठेवा."

सोमेश आरशासमोर भांग पाडत होता. रेल्वेच्या ऑफिसात तो कारकून, दहाच्या आत टेबलावर बसायचं. त्यानं कंगव्यासकट हात ठेवला आणि लगेच उचलला.

"हे काय वाजून राहिलं?"

"तेच तर इचारते तुम्हाला."

सोमेशनं आईला हाक मारली. गुरम्मा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि थापता थापता गुणगुणत होती. हल्ली तिला रोज एकच ओवी सुचायची.

*पोटातल्या पाव्हण्या रे, कवा येशील अंगणी*
*तुझ्या पाळण्याची दोरी...*

एवढं म्हणून ती थांबायची. पाळण्याची दोरी आत्याच्या हाती असते. आणि त्या आत्याचं नाव या घरात दोन वर्षं कोणी घेतलं नव्हतं. मग गुरम्मा भाकरी जरा जोरात थापायची.

ती पिठाच्या हातानं आली, मनगटाची मागची बाजू अंजूच्या पोटावर टेकवली आणि डोळे मिटले.

"उचकी हाय," तिनं निकाल दिला.

"पोटात?" सोमेश म्हणाला.

"मग काय, उचकी द्यायला बाहेर येऊन जाईल? तू बी असाच द्यायचास. सातव्यात. मी सुपात जवारी घेऊन बसले की दाणे उड्या मारायचे."

सोमेशचा विश्वास बसेना. त्यानं दवाखान्यात फोन लावला. तिथल्या सिस्टरनंही तेच सांगितलं: या दिवसांत बाळाला उचकी लागते, काळजी नाही, दहा-पंधरा मिनिटांत आपोआप थांबते.

"आपोआप काही थांबत न्हाई," गुरम्मा म्हणाली. "कोणीतरी आठवण काढून राहिलंय. त्याचं नाव घ्यायचं, मग थांबती."

अंजूला पुन्हा 'का' आला. "पण अव्वा, जे जन्मलंच न्हाई त्याची आठवण कोण काढंल? आठवण तर बघितलेल्या माणसाची येती."

गुरम्मानं जरा विचार केला. "वाट बघणं म्हंजी पुढच्या माणसाची आठवणच की. बस सरळ. मी नावं घेते."

आधी किल्लारीच्या आजीचं, म्हणजे अंजूच्या आईचं नाव झालं. टक्. मग आजोबांचं. टक्. लातूरच्या मावशीचं. टक्. पण नुसत्या नावावर गुरम्माचं समाधान होईना. खात्री केलेली बरी म्हणून तिनं फोनच लावले. "आमच्या लेकराची आठवण काढून राहिलात का?" असं सकाळी सकाळी विचारल्यावर कोणता नातेवाईक नाही म्हणेल? मावशी म्हणाली, "हाव, आत्ता गॅसपाशी तेच मनात आलं बघा." देगलूरचा काका म्हणाला, "रात्रीपासून काढून राहिलोय." शेजारच्या नीलाबाई विरजण मागायला आल्या होत्या, त्यांना विचारलं तर त्याही म्हणाल्या, "मी तर त्याच्यासाठीच आले. विरजण आपलं निमित्त."

आठ जणांनी शपथेवर आठवण काढली आणि उचकी चालूच राहिली.

"एवढे सगळे आठवण काढायला लागले," नीलाबाई पाटावर बसत म्हणाल्या, "तर लेकरू कोणाकोणाला पुरं पडंल?"

"धर्माबादचा मामा," गुरम्मा बोटांवर मोजत म्हणाली.

आणि अंजूच्या पोटात सगळं शांत झालं.

अंजूनं वाट पाहिली. फूल जागेवरच राहिलं. सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण तोंडात शेंगदाण्याचा लाडू होता. तो गिळेपर्यंत दोन-चार क्षण गेले, आणि तेवढ्यात नीलाबाई म्हणाल्या, "धर्माबाद झालं. देगलूर झालं. आता उदगीर तेवढं राहिलं."

दारात चपला घालायला वाकलेले अंजूचे सासरे रेवणसिद्धअप्पा वाकलेलेच राहिले. नांदेडच्या जुन्या मोंढ्यात, धान्यबाजारात, त्यांचं दोरखंड, चाळण्या आणि टोपल्यांचं दुकान. नऊला कुलूप निघालं नाही तर त्यांना चैन पडत नसे.

उदगीरला त्यांची लेक शिवकांता दिलेली होती. सोमेशच्या लग्नात तिचा नवरा रामलिंग सोनेरी बटणांचा मरून कोट घालून आला. बँडवाल्यांचा कोटही मरून आणि बटणंही सोनेरी. फोटोसाठी अप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता. त्यांनी मोठ्या प्रेमानं जावयाचे म्हणून क्लॅरिनेटवाल्याचे पाय धुतले, त्याला हार घातला, डोक्याला फेटा बांधला आणि वाकून नमस्कार केला. क्लॅरिनेटवाल्यानं सगळं भाविकपणे करून घेतलं. रामलिंग त्याच्या मागेच उघड्या डोक्यानं उभा होता.

रामलिंग न जेवता गेला. "मामा सोता फोन करून बोलवतील तवाच पाय ठेवीन," म्हणाला. अप्पा म्हणाले, "मी बापाच्या वयाचा. पहिला फोन त्यानं करावा." नवऱ्याची इज्जत म्हणून शिवकांताही आली नाही, आणि नवऱ्याची इज्जत म्हणून गुरम्मानंही लेकीचं नाव टाकलं. दोघी मायलेकी दोन गावांत दोन नवऱ्यांचे रुसवे सांभाळत बसल्या.

शनिवारी अंजूची ओटी भरायची होती. रविवारी किल्लारीहून जीप येणार, ती माहेरी जाणार, ते थेट लेकरू घेऊनच परत. ओटीला नणंद नाही म्हणजे बारशालाही नाही. आणि लग्नाच्या चार दिवसांत या घरात जिला अंजू मनातलं काहीही विचारू शकली, अशी एकच बाई होती. हळदीच्या अंगानं तिनं भीत भीत काही विचारलं होतं, तर शिवकांता हसली नव्हती. दार लोटून घेऊन नीट समजावून सांगितलं होतं.

"थांबली का गं?" गुरम्मानं विचारलं.

अंजूनं सासूकडे पाहिलं, मग वाकलेल्या सासऱ्याकडे.

"न्हाई अव्वा," ती म्हणाली. "हाय अजून."

लेकराच्या नावावरचं पहिलं खोटं त्याच्या जन्माच्या तीन महिने आधी बोलून झालं.

तिचा हिशेब साधा होता. आता एकच नाव उरलंय. कोणीतरी ते घेईल. पण कोणी घेईना. नीलाबाईंनी खाकरून पाहिलं. सोमेश कंगव्याचे दाते मोजू लागला. गुरम्मानं उदगीरला वळसा घालून निलंगा घेतला, मुखेड घेतलं, बिदरचे एक वारलेले आजोबाही घेतले. दर नावाला अंजूनं मान हलवली. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले.

आता सोमेश घाबरला. त्यानं पुन्हा सिस्टरला फोन लावला. "अजून चालूच आहे? एक तास?" तिकडून आवाज आला. "मग एकदा दाखवूनच जा."

"रिक्षा सांगतो," सोमेश म्हणाला.

अंजूला आता पुढचं सगळं दिसायला लागलं. डॉक्टरबाई पोटाला यंत्र लावतील, लेकरू आत निवांत झोपलेलं निघेल, आणि सगळी दुनिया विचारेल की मग उचकी कोणाला लागली होती. ती म्हणाली, "मला काही व्हत न्हाई ओ. जरा दम खा."

"तुला न्हाई, त्याला होऊन राहिलं," सोमेश फाईल काढत म्हणाला.

अप्पांनी चपला घातल्या. "मी दुकान उघडून येतो. तुमी व्हा पुढं."

गुरम्मा दारात जाऊन उभी राहिली. ती कधी दारात उभी राहत नसे. आज दोन्ही हात चौकटीला लावून राहिली.

"लेकराची उचकी थांबल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाई. माझी सगळी नावं संपली. आता तुमी घ्या."

"मी कोणाचं घेऊ?"

"मला काय ठाऊक? तुमच्या मनात असंल त्याचं घ्या."

बाहेर रिक्षा येऊन थांबली आणि हॉर्न वाजायला लागला. सोमेश चपला शोधत होता. नीलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता, पण डोळे नीट उघडे ठेवले होते. अप्पांनी एकदा सुनेच्या पोटाकडे पाहिलं. मग वर छताकडे पाहत, वजन उचलणाऱ्या माणसासारखा श्वास घेऊन, ते म्हणाले,

"शिवकांता."

"थांबली," अंजू म्हणाली.

ती इतक्या झटकन म्हणाली की नाव अजून हवेतच होतं.

नीलाबाईंनी दोन्ही हात जोडले. गुरम्मा दारातच खाली बसली. रडली नाही, नुसती पदरानं पीठ पुसत राहिली, नसलेलं पीठसुद्धा. मग उठून म्हणाली, "लेकरानं सांगितलं. लावा फोन. शनिवारचं आवतण द्या."

"लावतो की," अप्पा म्हणाले. "शिवकांताला लाव रे सोमेश."

"तिला कसं?" गुरम्मा म्हणाली. "आवतण जावयाला द्यायची रीत हाय. जावयाला लाव."

"त्याला नको," अप्पा घाईनं म्हणाले. "तो कामात असंल. पोरीलाच लाव."

"जावयाला."

"माझ्या फोनात बॅटरी न्हाई."

सोमेशनं फोन हातात घेऊन पाहिला. "सत्तर टक्के हाय अप्पा."

"मग तुझ्या फोनवरून लाव."

"तुमचाच फोन गेला पायजे. भावजींची अटच तशी हाय न्हवं?" सोमेशनं आपल्या फोनमधून नंबर पाहून अप्पांच्या फोनवर दाबला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा करून मधे ठेवला. अप्पांच्या कपाळावर घाम आला. अंजूला वाटलं, बिचाऱ्यांना किती अवघड जात असेल. दोन वर्षांचं मौन सोडायचं म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

पहिली रिंग पुरीही झाली नाही.

"हां मामा, बोला," रामलिंगचा मोकळाढाकळा आवाज आला. "आज सकाळीच? दुकान न्हाई का उघडलं?"

अप्पांनी फोनकडे हात नेला, सोमेशनं तो मधेच धरला.

"गुडघ्याला तेल चोळलं का रात्री? गरम करून चोळा म्हणून सांगितलं होतं, तुमी तसंच थापता. ऐकून राहिलात ना मामा?"

गुरम्मानं हळूच नवऱ्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. "ते तेल परभणीच्या गिऱ्हाईकानं दिलं म्हणला होता की तुमी."

फोनमधला मोकळाढाकळा आवाज एकदम लहान झाला. "मामी?"

आणि त्याच्या मागून, लांबून, भांड्यांच्या आवाजातून एक बाईचा आवाज आला. "कोणाचा फोन हाय ओ?"

"गिऱ्हाईक हाय," रामलिंग तिकडे म्हणाला.

"गिऱ्हाईकाला मामा-मामी कधीपासून म्हणायला लागले?"

मग उलगडत गेलं ते असं. वर्षापूर्वी रामलिंग कापडाच्या खरेदीला नांदेडला आला होता. मोंढ्यात चहाच्या टपरीवर सासरा-जावई एकाच बाकड्यावर पाठीला पाठ लावून बसले. गर्दी इतकी की कोणालाच उठता येईना. उठताना अप्पांचा गुडघा कट्कन वाजला, आणि रामलिंगच्या तोंडून "सावकाश मामा" निघून गेलं. त्याच्या बापाचेही गुडघे असेच होते. तेव्हापासून रोज दुपारी दोन वाजता, दुकानं रिकामी असताना, दोघांचं बोलणं व्हायचं: गुडघे, हवापाणी, गावातल्या लग्नांतली जेवणं.

"मंग घरी का न्हाई सांगितलं?" गुरम्मानं विचारलं. तिचा आवाज अगदी खाली होता, आणि म्हणूनच नीलाबाई विरजणाची वाटी घेऊन निघायच्या तयारीला लागल्या.

"कसं सांगू?" अप्पा म्हणाले. "रुसलो तवा साऱ्या मांडवाला ऐकू गेलं होतं. गोड झालो ते कोणत्या आवाजात सांगायचं? मला वाटलं तो सांगंल."

"मला वाटलं मामा सांगतील," फोन म्हणाला.

तिकडे फोन हिसकावल्याचा आवाज आला. "अव्वा?" शिवकांता म्हणाली.

गुरम्माला दोन वर्षांचं सगळं बोलायचं होतं. पण ती म्हणाली, "भाकरी खाल्लीस का?"

"न्हाई अजून."

"खाऊन घे."

"खाते. आणि निघते. दुपारच्या गाडीत बसते."

"आणि जावई?"

"राहू दे त्यांना दुकानात. त्यांना काय, गिऱ्हाईक हाय बोलायला."

फोन बंद झाला. बाहेर रिक्षावाल्यानं आत डोकावून विचारलं, "दवाखान्याला कोण येऊन राहिलं?" अप्पा पटकन म्हणाले, "रिक्षा आलीच हाय तर मी मोंढ्याला जातो," आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यात जाऊन बसले.

सोमेशही ऑफिसला गेला. घर रिकामं झालं तेव्हा गुरम्मानं अंजूसमोर गरम भाकरी ठेवली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "उचकी थांबली कवा होती?"

अंजूचा घास हातातच राहिला. "धर्माबादच्या मामांच्या नावाला," ती म्हणाली.

"मला वाटलंच. लेकरू हलून राहिलं की तुझी नजर खाली पोटाकडं असती. तवापासून तू आमची तोंडं बघून राहिली होतीस."

"मंग बोलला का न्हाईत अव्वा?"

"बोलायचं कशाला?" गुरम्मा लोणी पसरत म्हणाली. "दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी तिच्या नावाच्या इतकं जवळ आलं होतं. म्हणलं, बघू तर खरं ही पोरगी कुठपर्यंत नेती."

चार वाजता शिवकांता आली. मायलेकींनी एकमेकींना धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग तिनं अंजूचे सुजलेले पाय आपल्या मांडीवर घेतले आणि म्हणाली, "हां, इचार आता काय इचारायचं ते." अंजूनं विचारायला सुरुवात केली. कळ खरी कोणती आणि खोटी कोणती. जेवल्यावर घशाशी आंबट का येतं. रात्री अवघडून जाग आली की रडू येतं ते कशामुळं. लेकराला आतून आपला आवाज ओळखू येतो का. काहींना शिवकांताला उत्तरं होती, काहींना गुरम्माला होती. काही दोघींनाही नव्हती, तेव्हा त्या तिघी मिळून पोटाकडे बघत बसल्या, जणू पाव्हणाच काय ते सांगेल.

संध्याकाळी अप्पा दबकत घरी आले. ताट वाढलेलं होतं, झाकलेलं होतं, पाणीही ठेवलेलं होतं. फक्त बोलायला कोणी आलं नाही. त्यांनी भाजी चाखली, मीठ नव्हतं. मागावं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतलं हसणं तेवढ्यापुरतं थांबलं, म्हणून त्यांनी मागितलं नाही. हात धुऊन ते ओसरीवर गेले आणि खालच्या आवाजात फोन लावला. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यात एक खिडकी होती, हे त्यांना आज आठवलं नाही.

"तिकडं काय खबर?"

"वरण करून ठेवून गेली," रामलिंगचा आवाज आला. "मीठ न्हाई त्याच्यात."

"भाजीत बी न्हाई."

"मामा, शनिवारी मी येऊ का?"

"मला काय इचारतोस? आत इचारावं लागंल."

"मंग इचारा की."

"मी? तूच लाव फोन तुझ्या मामीला."

"न्हाई मामा. तुमी वडील माणूस. आधी तुमी बोला."

आत अंजूनं हसू दाबायला पोट धरलं. "अव्वा," ती कुजबुजली, "शनिवारपर्यंत बोलायचंच न्हाई का त्यांच्याशी?"

"अजिबात न्हाई," गुरम्मा म्हणाली. "वर्ष झालं वर्ष. चांगलं शनिवारपर्यंत राहू दे तसंच."

शिवकांतानं बोटांवर काहीतरी मोजलं. "शुक्रवारी सांजच्यालाच गोड होऊ अव्वा," ती म्हणाली. "शनिवारी केळीचे खुंट बांधायचे हायत, पाणी भरायचं हाय, पन्नास पाट मांडायचे हायत. त्याला गडी लागतील."